तेवीस डॉलरचं पेट्रोल, अडकले पावणेदोनशे

यंदा आमच्या मंडळाच्या गणपतीत महाप्रसादाच्या रांगेत एक वाद पेटला. दोन्ही बाजूंनी तो इतका चुकीचा लढवला की घरी आल्यावरही माझ्या डोक्यातून जाईना. निमित्त होतं ओहायोत एमएस करायला आलेल्या नाशिकच्या एका मुलाचं. त्याच्या खात्यात २३० डॉलर होते. शुक्रवारी रात्री त्यानं डेबिट कार्ड पंपात सरकवलं आणि २३ डॉलरचं पेट्रोल भरलं. नळी हातात घेण्याआधीच त्याच्या खात्यातले १७५ डॉलर रोखून धरले गेले होते, त्यामुळे वापरायला उरले फक्त ५५. सोमवारी सकाळी गाडीच्या विम्याचा ९२ डॉलरचा हप्ता खात्यावर आला तेव्हा होल्ड उठलेला नव्हता. बँकेनं हप्ता भरला आणि शिल्लक अपुरी होती म्हणून वर ३५ डॉलर शुल्क लावलं. दुपारी १७५ चे २३ झाले, शुल्क मात्र तसंच राहिलं. “मावशी, माझ्या खात्यात पैसे होते ना? मग दंड कशाचा?” एवढंच तो विचारत होता.

त्याच्या प्रश्नाला उत्तर कुणीच दिलं नाही. एक काका म्हणाले, ही उघड चोरी आहे, आपले पैसे अडकवून बँका त्यावर व्याज खातात. दुसऱ्या काकांनी त्या मुलालाच सुनावलं, “पेट्रोलला डेबिट कार्ड वापरतं का कुणी? क्रेडिट कार्ड घे, नाहीतर आत काउंटरवर जाऊन पैसे दे. इथल्या पद्धती शिकायला नकोत?” मग अर्धी रांग चोरीच्या बाजूला आणि अर्धी शिस्तीच्या बाजूला. मला दोन्ही बाजू पटत नाहीत. पेट्रोल देण्याआधी रक्कम रोखून ठेवणं यात मुळात अन्याय नाही. पण किती रोखायचं हे ग्राहकाला न विचारता ठरतं, आणि काम संपल्यावर ते सोडायला उशीर झाला तर त्या उशिराची किंमत एकटा ग्राहक मोजतो. अन्याय आहे तो इथे. तो दूर करण्यासाठी नवा शोध लागायला नको. उशिराला दर लावायला हवा.

आधी चोरीच्या आरोपाचं बघू. इथल्या पंपावर नोकर नसतो, आपणच भरायचं असतं. तुम्ही किती भरणार हे यंत्राला आधी माहीत नसतं आणि एकदा टाकीत गेलेलं पेट्रोल परत काढून घेता येत नाही. म्हणून नळी सुरू करण्यापूर्वी पंप बँकेला विचारतो, या माणसाला उधार देऊ का, आणि कुठपर्यंत? पूर्वी बऱ्याच ठिकाणी फक्त एक डॉलरची चौकशी व्हायची. कार्ड जिवंत आहे एवढं कळलं की नळी सुरू. कार्डांचं जाळं चालवणाऱ्या कंपन्या ठरावीक मर्यादेपर्यंतच्या पैशाची हमी पंपाला देतात. ही मर्यादा १२५ डॉलर होती. २०२२ च्या उन्हाळ्यात इथलं पेट्रोल सरासरी गॅलनला ५ डॉलरच्या वर गेलं आणि मोठ्या गाड्यांची टाकी सव्वाशेत भरेना, तेव्हा त्याच वर्षी व्हिसा आणि मास्टरकार्ड यांनी ती १७५ वर नेली. पंपमालकाच्या जागी उभं राहून पाहिलं तर यात गैर काय आहे? हे पंप बहुतेक वेळा बड्या तेल कंपन्यांचे नसतात. पाटी कंपनीची, पण मालक एखादं कुटुंब, अनेकदा गुजराती किंवा पंजाबी. गॅलनमागे त्यांना सेंटांत मोजावा असा नफा सुटतो, आणि त्यातलाही मोठा वाटा कार्डाच्या शुल्कात जातो. दहा डॉलर शिल्लक असलेल्या कार्डावर कुणी नव्वदचं भरून निघून गेला तर त्या मालकानं ते कुठून भरून काढायचं?

चोरीवाल्यांना आणखी एक गोष्ट मान्य करावी लागेल, आणि ती त्यांच्या बाजूला जास्त गैरसोयीची आहे. एक डॉलरच्या होल्डचंही नुकसान होतं, फक्त उलट्या दिशेनं. साठ डॉलरचं पेट्रोल भरलेलं असतं आणि खात्यात मात्र एकच डॉलर गेलेला दिसतो. खरा आकडा दोन-तीन दिवसांनी येतो. तोवर माणूस शिल्लक आहे असं समजून खर्च करून बसतो आणि खातं उणे होतं. म्हणजे मोठा होल्ड काही लोकांना जास्तीच्या खर्चापासून वाचवतोही. राहिला व्याजाचा प्रश्न. रोखलेली रक्कम खात्यातून बाहेर जात नाही, ती तिथेच असते, फक्त तिला कुलूप लागतं. पंपमालकाला ती वापरता येत नाही. बँकेकडे ती आधीही होती आणि नंतरही असते. हा पैसा कुणी खात नाही.

आणि माझ्या मते सगळ्या प्रश्नाची गुरुकिल्ली इथेच आहे. या १७५ डॉलरमुळे कुणाचीच तिजोरी भरत नाही, म्हणूनच ते सोडायची कुणालाच घाई नाही. पंपाचं काम हिशोबाचा शेवटचा आकडा पाठवला की संपतं. कार्ड कंपनीचं काम तो आकडा पुढे ढकलला की संपतं. बँकेनं तो त्याच मिनिटाला जुळवून कुलूप उघडलं काय किंवा रात्रीच्या नेहमीच्या हिशोबात, किंवा शनिवार-रविवार उलटल्यावर उघडलं काय, तिच्या ताळेबंदात फरक पडत नाही. त्या मुलाला पंपावरचा माणूस म्हणाला, होल्ड बँकेचा आहे. बँकेतली बाई म्हणाली, रक्कम पंपानं मागितली होती. दोघंही खोटं बोलत नव्हते. पंपानं एक डॉलरची चौकशी केली तरी प्रत्यक्षात किती रोखायचं हे कित्येकदा बँक ठरवते, आणि पंपानं सगळी रक्कम मागितली असेल तर बँक ती जशीच्या तशी लावते. चोर शोधणाऱ्यांना चोर सापडत नाही आणि चोर नाही म्हटल्यावर शिस्तवाले निकाल देतात की मग दोष ग्राहकाचाच. पण ज्या नुकसानाचा फायदा कुणालाच होत नाही ते नुकसान नसतं का? रस्त्यावरच्या उघड्या गटारात कुणाचा स्वार्थ नसतो. झाकण बसवायची जबाबदारी कुणावर टाकलेली नसते, म्हणून माणसं पडतात.

आता शिस्तीचा मुद्दा. मी तो गंभीरपणे घेते, कारण ते काका वाईट माणूस नाहीत. चाळीस वर्षांपूर्वी दोन बॅगा घेऊन आले आणि इथल्या पद्धती शिकतच उभे राहिले. क्रेडिट कार्ड असलं की होल्ड जाणवत नाही हे खरं आहे. तिथे मर्यादेतला एक कोपरा काही वेळ झाकला जातो, रोखीला हात लागत नाही. पण नुकत्याच आलेल्या विद्यार्थ्याला क्रेडिट कार्ड देतं कोण? इथे उधारी फेडल्याचा इतिहास नसेल तर बँक म्हणते आधी अनामत ठेवा, दोनशे-पाचशे डॉलर, मग तेवढ्याच मर्यादेचं कार्ड देऊ. म्हणजे अडकलेल्या पैशाला उतारा काय, तर आधी स्वतःहून आणखी पैसे अडकवा. आणि हा प्रश्न फक्त नवख्यांचा नाही. अमेरिकेची मध्यवर्ती बँक असलेल्या फेडरल रिझर्व्हच्या २०२३ सालच्या पाहणीत, अचानक ४०० डॉलरचा खर्च निघाला तर तो रोखीनं किंवा तितक्याच सहज फेडू शकू असं सांगणारे प्रौढ शंभरात ६३ होते. उरलेल्या ३७ जणांसाठी १७५ डॉलर म्हणजे आठवड्याचा किराणा. त्यांतले बरेच अमेरिकेतच जन्मलेले आहेत आणि इथल्या पद्धती त्यांना आपल्याहून चांगल्या ठाऊक आहेत.

काउंटरवर जाऊन पैसे द्या, हा सल्लाही व्यवहारात चालतो. आत जायचं, वीस डॉलर ठेवायचे, पंपाचा नंबर सांगायचा, बाहेर येऊन भरायचं, अठरातच टाकी भरली तर सुटे घ्यायला पुन्हा आत. जानेवारीत शून्याखाली तापमान असताना मागच्या सीटवर तान्हं मूल झोपलं असेल तर? चालायला त्रास असेल तर? रात्री अकराला काउंटर बंद आणि पंप चालू असेल तर? कार्ड पंपातच सरकवायची सोय १९८० च्या दशकात आली ती नेमकी हे हेलपाटे वाचवण्यासाठी. ती सोय ज्याच्या खात्यात भरपूर आहे त्याला फुकट, आणि ज्याच्या खात्यात थोडंच आहे त्याला पावणेदोनशेच्या कुलपाच्या बदल्यात. याला शिस्त कसं म्हणायचं?

होल्ड आधीच आटोपशीर ठेवता येणार नाही का? आपण मराठी माणसांनी तरी हा प्रश्न विचारायला नको, कारण आपण जन्मभर तसंच पेट्रोल घेत आलोय. “पाचशेचं टाका.” पंपावरचा माणूस म्हणतो, “झिरो बघा साहेब,” आणि पाचशेला काटा थांबतो. आकडा आधी ठरलेला असतो, पैसे शेवटी मोजून दिले जातात, त्यामुळे रोखायला काही उरतच नाही. आपल्याकडे पंपावर माणूस असतो म्हणून हे जमतं, असं कुणी म्हणेल. ते पूर्ण खरं नाही. न्यू जर्सीत, जिथे एडिसनच्या आसपास आपली एवढी वस्ती आहे, १९४९ च्या कायद्यानं आजही ग्राहकाला स्वतः पेट्रोल भरायला मनाई आहे. भरून द्यायला माणूस असतो. पण तो तुमचं कार्ड घेऊन आधी पंपातच सरकवतो आणि यंत्र पुन्हा तोच मोघम प्रश्न बँकेला विचारतं. म्हणजे फरक पडतो तो आकडा आधी विचारण्यानं. पंपाच्या पडद्यावर पिनकोड विचारायला जागा आहे, गाडी धुऊन हवी का हे विचारायला जागा आहे. ‘किती डॉलरचं?’ हे विचारायला जागा नाही? ग्राहकानं २५ म्हटलं तर २५ च रोखा आणि २५ ला नळी बंद करा. ज्याला टाकी भरायची असेल त्याला तसा पर्याय राहू द्या. बँकेनं मागितल्यापेक्षा कमी रकमेला मंजुरी द्यायची आणि पंपानं तेवढ्यावर थांबायचं, ही सोय कार्डांच्या जाळ्यात आधीपासून आहेच. खात्यात चाळीसच असतील तर चाळीसपर्यंत भरू दिलं जातं. म्हणजे आकड्याला नळी बंद करणं यंत्राला जमतं. तो आकडा माणसाला विचारून ठरत नाही, एवढंच.

मात्र रक्कम नीट ठरवली तरी उशिराचा प्रश्न उरतोच. ब्रिटनमध्ये २०१८ साली सुपरमार्केटांच्या पंपांवर एका पौंडाच्या चौकशीऐवजी ९९ पौंड रोखायचा प्रयोग सुरू झाला. कागदावर योजना चांगली होती. पेट्रोल भरून होताच खरा आकडा बँकेला कळणार आणि उरलेली रक्कम लगेच मोकळी होणार. काही बँकांत तसं झालं. काहींची यंत्रणा तो संदेश वेळेत हाताळू शकली नाही आणि लोकांचे पैसे अडकून राहिले. इतकी ओरड झाली की एका मोठ्या साखळीला प्रयोग थांबवावा लागला. पुढे बँकांची तयारी झाल्यावर ही पद्धत तिथे परत आली. यातून मी एक गोष्ट घेते. तत्काळ सोडणं शक्य आहे, कारण एकाच दिवशी, एकाच पंपावर, एकीकडे ते होत होतं आणि दुसरीकडे नव्हतं. जे एका बँकेला जमतं ते दुसरीला जमत नसेल तर अडचण तंत्राची म्हणायची की इच्छेची?

‘जोखीम आहे म्हणून वेळ लागतो’ हा युक्तिवाद अमेरिकेनं पूर्वीही ऐकलाय. १९८० च्या दशकापर्यंत इथल्या बँका ग्राहकानं भरलेला धनादेश आठवडा-आठवडा, कधी त्याहून जास्त, वटला नाही असं धरून पैसे अडवून ठेवत. कारण तेच, धनादेश परत आला तर बुडतील. कारण खोटं नव्हतं, धनादेश खरोखरच परत येत. तरी संसदेनं १९८७ साली कायदा करून बँकांना मुदती घालून दिल्या. कुठल्या धनादेशाचे पैसे किती दिवसांत मोकळे करायचे ते लिहून ठेवलं, आणि ठेवीतले पहिले १०० डॉलर दुसऱ्याच कामकाजाच्या दिवशी द्यायला लावले. तो आकडा वाढत वाढत २०२५ मध्ये २७५ वर आलाय. बँका बुडाल्या नाहीत, त्यांनी धनादेश लवकर वटवायला सुरुवात केली. जोखीम खरी असणं आणि ती अनिश्चित काळ दुसऱ्याच्या अंगावर टाकायचा परवाना असणं या दोन गोष्टी कायद्यानं तेव्हा वेगळ्या केल्या. कार्डाच्या होल्डबाबत तेवढंच करायचं राहिलंय.

याहून जवळचं उदाहरण आपल्या देशातलं आहे, आणि इथल्या मित्रांना मी ते अभिमानानं सांगते. शेअरच्या नव्या विक्रीला अर्ज करताना पूर्वी धनादेश द्यावा लागे. पैसे खात्यातून जात, शेअर मिळाले नाहीत तर परतावा पोस्टानं यायला कित्येक आठवडे लागत. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीनं २००८ साली ‘अस्बा’ ही पद्धत आणली. पैसे तुमच्याच खात्यात राहतात, व्याज तुम्हालाच मिळतं, फक्त तेवढी रक्कम रोखलेली असते. पेट्रोलच्या होल्डचं हे सख्खं भावंड. पण सेबी तिथे थांबली नाही. २०१६ पासून ही पद्धत सगळ्यांना सक्तीची झाली. विक्री बंद झाल्यापासून शेअर बाजारात नोंद होईपर्यंतचा काळ आक्रसत आणला, आणि १ डिसेंबर २०२३ पासून तो कामकाजाच्या तीन दिवसांवर आला. सगळ्यांत महत्त्वाचं २०२१ साली झालं. रक्कम वेळेत मोकळी झाली नाही तर अर्जदाराला दिवसाला १०० रुपये किंवा रकमेवर वर्षाला १५ टक्के, यांपैकी जे जास्त असेल ते द्यायचं, असा नियम आला. त्याच्या दोन वर्षं आधी, सप्टेंबर २०१९ मध्ये, रिझर्व्ह बँकेनं फसलेल्या व्यवहारांना तोच न्याय लावला होता. एटीएममधून नोट आली नाही आणि खात्यातून पैसे गेले तर पाच दिवसांत परत, नाहीतर दिवसाला १०० रुपये, आणि ते ग्राहकानं तक्रार करायची वाट न बघता. शंभर रुपये ही रक्कम फार मोठी नाही. पण उशिराला किंमत लागली की हिशोबाच्या खात्यात त्याची ओळ उघडते, आणि ओळ उघडली की कुणाला तरी तिचा जाब द्यावा लागतो.

यावर एक आक्षेप येतो तो मात्र वजनदार आहे. हा सगळा खर्च शेवटी ग्राहकावरच येईल ना? बँका खात्याचं शुल्क वाढवतील, पंपवाले गॅलनमागे दोन सेंट लावतील. शक्य आहे. काही प्रमाणात तसं होईलही. पण मग तो खर्च सगळ्यांत वाटला जाईल, भरल्या खात्यावालाही त्यातला दोन सेंटांचा वाटा उचलेल. आज तो खर्च नाहीसा झालेला नाही. तो शंभरातल्या त्या सदतीस जणांकडून, पस्तीस-पस्तीस डॉलरच्या गठ्ठ्यानं वसूल होतोय. जोखीम सगळ्यांच्या सोयीसाठी असेल तर तिचा भारही सगळ्यांवर का नसावा? महावितरणच्या बिलातली सुरक्षा ठेव आठवा. वीज आधी वापरायची, पैसे नंतर द्यायचे, म्हणून कंपनी ठेव घेते, आणि ते रास्त आहे. पण २००३ च्या वीज कायद्यानं त्या ठेवीवर किमान बँक दरानं व्याज द्यायला लावलंय. आपल्या सोयीसाठी दुसऱ्याचे पैसे अडवायचे तर त्याचं भाडं द्यायचं, ही साधी गोष्ट तिथे कायद्यात आहे. फास्टॅगचंही तसंच झालं. सुरक्षा ठेव घेतलेली असतानाही बँका वर किमान शिल्लक ठेवायला लावत, आणि खात्यात टोलपुरते पैसे असूनही गाड्या नाक्यावर अडत. फेब्रुवारी २०२१ मध्ये राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणानं मोटारींसाठी ती अट काढून टाकली. शिल्लक उणे नसेल तर गाडी सोडा, टोल भरून ती उणे झाली तर ठेवीतून वळती करा. जोखीम आधीच एकदा झाकलेली असताना ती पुन्हा ग्राहकाच्या पैशानं झाकायची नाही, हे तिथे कुणीतरी ओळखलं.

हे सगळं मराठी वाचकांसमोर मांडायचं आणखी एक कारण आहे. आज पुण्यात किंवा पणजीत पेट्रोल भरणाऱ्याला हा होल्ड भेटत नाही. पण विजेवरच्या गाडीला ‘पाचशेचं टाका’ म्हणणारा माणूस चार्जिंगच्या खांबापाशी नसतो. तिथे कित्येक ॲप आधी वॉलेटमध्ये पैसे भरायला लावतात, म्हणजे रक्कम रोखण्याऐवजी सरळ काढूनच घेतात. डिसेंबर २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेनं यूपीआयवर एकदा रक्कम रोखून त्यातून लागेल तसं वळतं करायची सोय जाहीर केली. वॉलेटपेक्षा ती कितीतरी बरी, कारण पैसे खात्यातच राहतात. पण ती खांबापर्यंत पोचेल तेव्हा प्लग काढल्यावर उरलेली रक्कम किती मिनिटांत सुटणार, आणि नाही सुटली तर दिवसाला किती रुपये, हे तेव्हाच लिहून घ्यायला हवं. अमेरिकेत यंत्रं आधी लाखोंनी बसली आणि नियम राहून गेले. आपल्याकडे खांब अजून उभे राहताहेत.

त्या मुलाबरोबर मी बँकेत गेले होते. अर्धा तास बोलल्यावर ३५ डॉलर ‘या वेळेपुरते, सौजन्य म्हणून’ परत मिळाले. त्यानं आभार मानले, मी मानले नाहीत. काउंटरवरच्या बाईंना मी विचारलं की होल्डमुळे लागलेलं शुल्क आपोआप उलटवायची तुमच्याकडे काही सोय आहे का. त्या म्हणाल्या, नाही, ग्राहकानं येऊन विचारावं लागतं. मी तो प्रश्न लेखी अर्जात लिहून दिला आणि त्याच्या प्रतीवर तारखेचा शिक्का मारून घेतला.